वॉकी-टॉकी घेताय? रेंजचा प्रश्न शेवटी विचारा

वॉकी-टॉकीच्या व्हिडिओत सेट हातात धरून दाखवण्यातच निम्मा वेळ गेला. बाकीचं, म्हणजे माझं मत, इथे सविस्तर लिहितो. काही विक्रेत्यांना ते आवडणार नाही, पण चॅनल तुमच्यासाठी आहे.

माझं मत असं. लहान धंदेवाला दुकानात जातो आणि पहिला प्रश्न विचारतो, "रेंज किती?" हा प्रश्न आधी विचारला की पुढची सगळी खरेदी वाकडी जाते. कारण त्याचं उत्तर देणाऱ्याला एकच ठाऊक असतं, की मोठा आकडा सांगितला की माल विकला जातो. मग पाच वॉटचा, लांब अँटेनाचा, खोक्यावर 'दहा किलोमीटर' छापलेला सेट तुमच्या हातात येतो. तो तुमच्या तळघरातल्या पार्किंगमधून दुसऱ्या मजल्यावर नीट बोलत नाही, आणि वर तो वापरणं बेकायदा असण्याची शक्यता मोठी.

पहिला प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायचा आहे. माझ्या धंद्यात फोन नेमका कुठे कमी पडतो?

मंगल कार्यालयाचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे हे चित्र सगळ्यांना माहीत आहे. मुहूर्त बारा पस्तीसचा. वरात गेटवर आली. ही एक बातमी एकाच क्षणी किमान सहा जणांना लागते: स्टेजवाला, भटजींच्या जवळ उभा असलेला तुमचा माणूस, आचारी, पंगतीचा मुकादम, पार्किंगवाला आणि जनरेटरवाला. फोनवर हे सहा कॉल आहेत. त्यातले दोन बँडच्या आवाजात ऐकू जात नाहीत, आचाऱ्याचे हात पिठात, आणि पार्किंगवाल्याचा फोन दुसऱ्या कॉलवर. ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला तर तो कोणी कधी ऐकला याचा पत्ता नाही. वॉकी-टॉकीवर बटण दाबून एक वाक्य, आणि सहाही जणांना त्याच सेकंदाला कळलं. वॉकी-टॉकीचं खरं काम हेच. एकजण बोलतो, सगळे ऐकतात, कुणाला 'उचलावं' लागत नाही.

आता तुमच्या धंद्यात अशी 'एकाच वेळी सगळ्यांना' लागणारी बातमी दिवसातून किती वेळा येते? कापडाच्या दुकानात चार माणसं आणि एक पोटमाळा असेल, तर येत नाही. तिथे हाक मारा. तुमचे सेल्समन चार तालुक्यांत फिरत असतील, तर बातमी येते, पण साधा वॉकी-टॉकी तिथे पोहोचत नाही. पण गोडाऊन, रिसॉर्ट, मोठी सोसायटी, शाळेच्या बसेस लागतात ते आवार, बांधकामाची साइट, साखर कारखान्याचं ऊसगाड्यांचं यार्ड, इव्हेंटवाले, केटरर, हॉस्पिटलची सिक्युरिटी, इथे तो पहिल्या दिवसापासून पैसे वसूल करतो.

बरं, रेंज. तीही समजून घेऊ, म्हणजे कोणी फसवणार नाही. हातातल्या सेटच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. सपाट जमिनीवर दोन माणसं उभी आहेत, सेट तोंडाशी धरलेले, मध्ये झाड नाही, घर नाही, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे गणिताने दहा किलोमीटरच्या आसपास मर्यादा येते. खोक्यावरचा आकडा असल्याच आदर्श परिस्थितीचा. भिवंडीतल्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये, रॅकवर छतापर्यंत माल भरलेला असताना, किंवा आरसीसीच्या दोन स्लॅबखाली तो आकडा विसरा. तिथे काही शे मीटर मिळाले तरी पुष्कळ. आणि वॉट दुप्पट केले म्हणून अंतर दुप्पट होत नाही. अँटेना उंचावर नेली तर जो फरक पडतो, तो वॉट वाढवून पडत नाही. म्हणून तुमचा सुपरवायझर तळघरातून बोलण्याऐवजी जिन्याच्या तोंडाशी येऊन बोलला, तरी निम्मा प्रश्न सुटतो. त्याला पैसे लागत नाहीत.

व्हीएचएफ घ्यावा की यूएचएफ, हा वाद दुकानात फार रंगतो. मोकळं शेत, माळरान, डोंगर असेल तर व्हीएचएफला थोडा फायदा. इमारती, लोखंड, माणसांची गर्दी असेल तर यूएचएफ. लहान धंद्यांपैकी बहुतेकांचं काम इमारतीत किंवा आवारात असतं, म्हणून यूएचएफ. इथे थांबायची गरज नाही.

थांबायचं ते कायद्यापाशी.

आपल्या देशात बिनतारी संच नुसता जवळ बाळगायलासुद्धा परवाना लागतो, हे १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्टपासून चालत आलं आहे. आता २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला, पण मूळ तत्त्व तेच: लहरी सरकारच्या, वापरायच्या तर परवानगी घ्या. या नियमाला एक सूट आहे, आणि लहान धंद्याने आधी तीच समजून घ्यावी. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ ही अरुंद पट्टी कमी ताकदीच्या संचांना परवान्यावाचून खुली आहे. २०१८ च्या नियमांत ती दिली आहे. ताकद अर्ध्या वॉटपर्यंत. त्या २०० किलोहर्ट्झमध्ये १२.५ किलोहर्ट्झचे १६ चॅनल बसतात. बस्स. 'लायसन्स फ्री' म्हणजे एवढंच.

पण बाजारात 'लायसन्स फ्री' हा शब्द मिरचीपूडसारखा सगळ्यावर भुरभुरवलेला असतो. पाच वॉटचा, ४०० ते ४७० मेगाहर्ट्झमध्ये कुठलीही फ्रिक्वेन्सी टाकता येणारा सेट 'लायसन्स फ्री' म्हणून विकला जातो. तो तसा नाही. पोलीस, रेल्वे, विमानतळ, अग्निशमन दल यांचे बिनतारी संदेश वेगवेगळ्या पट्ट्यांत चालू असतात. तुमच्या केटरिंगच्या पोराने गंमत म्हणून बटणं फिरवली आणि तो कोणाच्या तरी चॅनलवर 'पनीर संपलं' म्हणाला, तर हसण्यासारखी गोष्ट राहत नाही. पलीकडे कोणीतरी रुग्णवाहिकेला रस्ता सांगत असू शकतो.

सरकारनेही हे गंभीरपणे घेतलं आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा संचांच्या विक्रीवरून ऑनलाइन विक्रीच्या कंपन्यांना नोटिसा काढल्या, आणि त्याच महिन्यात मार्गदर्शक सूचनाही आल्या. त्यांचा रोख असा, की संच कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, परवाना लागतो का आणि त्याला ईटीए आहे का, हे ग्राहकाला विक्रीच्या पानावर कळलं पाहिजे. ईटीए म्हणजे इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचं मंजुरीपत्र. बिनपरवान्याच्या पट्टीतल्या संचालाही ते लागतं. तेव्हा विक्रेत्याला तीन गोष्टी कागदावर मागा: फ्रिक्वेन्सी, वॉट, ईटीएची प्रत. तो म्हणाला, "साहेब, सगळे हेच वापरतात, कोणी विचारत नाही," तर त्याचा अर्थ एवढाच की विचारलं जाईल तेव्हा तो तिथे नसेल. बिल तुमच्या नावावर आहे.

एक पळवाट मला वारंवार सुचवली जाते. "मी हॅमची परीक्षा देतो, मग चालेल ना?" नाही चालणार. हॅम रेडिओ हा छंदाचा परवाना आहे, त्यावर धंद्याचं बोलणं करता येत नाही. छंद म्हणून जरूर करा, फार छान छंद आहे.

अर्ध्या वॉटमध्ये भागत नसेल तर? माझा अनुभव असा की एका आवारातल्या मंगल कार्यालयाला, मध्यम हॉटेलला, एका इमारतीच्या शोरूमला, सोसायटीच्या तीन गेटना ते बऱ्यापैकी भागतं. मोठ्या कारखान्याला, पसरलेल्या रिसॉर्टला भागत नाही. मग रीतसर परवाना घ्यायचा. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर होतो, फ्रिक्वेन्सी तुमच्या नावाने मिळते, तिचं दरवर्षी शुल्क असतं, उंच अँटेना किंवा रिपीटर बसवायचा तर त्याची मंजुरी वेगळी. कागदपत्रं आहेत, वेळ लागतो. चांगला डीलर हे काम करून देतो आणि त्याचे पैसे घेतो. ते पैसे द्या. हंगाम तोंडावर आल्यावर अर्ज करू नका, एवढंच सांगेन. तुळशीच्या लग्नानंतर धावपळ करायची असेल तर पावसाळ्यात सुरुवात करा.

तिसरा रस्ता सिमकार्डच्या सेटचा. दिसायला वॉकी-टॉकी, आतून मोबाइल. बटण दाबलं की आवाज मोबाइल नेटवर्कवरून जातो, त्यामुळे पुण्यातून नागपूरला बोलता येतं. ट्रान्सपोर्टवाले, पाण्याचे टँकरवाले, शहरभर पसरलेली सिक्युरिटी एजन्सी यांच्यासाठी हाच बरोबर. पण दोन गोष्टी विक्रेता हळू आवाजात सांगतो. एक, सेटच्या किमतीबरोबर दरमहा भाडं आहे, ते कायमचं. समजा सेटमागे महिन्याला ३०० रुपये धरले, तर दहा सेटचे वर्षाला ३६ हजार होतात. हा हिशोब तीन वर्षांचा करून मग साध्या सेटच्या किमतीशी ताडून पाहा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नेटवर्क गेलं की हा सेट मुका. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत, वारीच्या गर्दीत, जत्रेत, हजारो लोकांचे फोन एकाच टॉवरला लटकलेले असतात. नेमकं तेव्हा तुमच्या टीमला बोलायचं असतं. गर्दीच्या कामाला सिमवरचा सेट एकटा नको, असं माझं ठाम मत आहे. साधा वॉकी-टॉकी टॉवरची वाट बघत नाही, एका सेटमधून थेट दुसऱ्यात जातो.

जिथे पेट्रोलच्या वाफा, सॉल्व्हंट, गॅस किंवा उडणारी बारीक पूड आहे, तिथे वरची सगळी चर्चा बाजूला ठेवा. साध्या सेटची बॅटरी काढता-घालताना किंवा तो हातातून पडल्यावर ठिणगी उडू शकते. साखर कारखान्यांच्या आवारात आता इथेनॉलचे डिस्टिलरी विभाग आहेत, एमआयडीसीत रंगाचे आणि रसायनांचे छोटे कारखाने आहेत. अशा जागी 'इन्ट्रिन्सिकली सेफ' प्रमाणित संचच लागतो, आणि पेट्रोलियमच्या धोक्याच्या क्षेत्रातल्या विद्युत उपकरणांची मंजुरी नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही संस्था देते. हा सेट महाग असतो. महाग आहे म्हणून यार्डातला साधाच सेट आत नेऊ देणारा मालक मी पाहिला आहे. त्याच्याशी मी या विषयावर गोड बोललो नाही.

'प्रायव्हसी कोड' या शब्दाबद्दलही सांगतो. त्या कोडमुळे दुसऱ्यांचं बोलणं तुमच्या सेटवर वाजत नाही, एवढंच होतं. तुमचं बोलणं दुसरा ऐकू शकतोच. शेजारच्या कार्यालयाने तोच चॅनल लावला तर त्याला सगळं ऐकू जाईल. तेव्हा गल्ल्यातली रोकड किती, ती कोण घेऊन निघालं, पाहुण्यांच्या दागिन्यांची खोली कुठली, हे साध्या सेटवर बोलायचं नाही. त्यासाठी फोन आहे.

बॅटरीवर छापलेले तास वाचताना हे लक्षात ठेवा: ते बहुतेक वेळा ५-५-९० या हिशोबाने काढलेले असतात. म्हणजे पाच टक्के वेळ बोलणं, पाच टक्के ऐकणं, नव्वद टक्के गप्प. तुमच्या पंगतीचा मुकादम नव्वद टक्के वेळ गप्प बसणारा आहे का? बोलताना बॅटरी सगळ्यात जास्त खर्च होते. छापलेले बारा तास लग्नाच्या दिवशी आठावर आले तर सेट खराब आहे असं समजू नका. सेटमागे एक जादा बॅटरी किंवा दुपारच्या जेवणात चार्जिंगची ठरलेली वेळ, यातलं एक ठेवा. आणि सेट घेताना इअरफोनचं बजेट वेगळं काढा. बँडसमोर उभ्या असलेल्या माणसाला स्पीकरवरचं काही ऐकू येत नाही, आणि पाहुण्यांना मात्र 'बासुंदी कमी पडतेय' स्पष्ट ऐकू येतं.

आता मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते इथे. पैसे सेटवर खर्च होतात, पण बोलायचं कसं हे कोणी शिकवत नाही. आणि मराठीत बोलताना एक धोका आहे, जो इंग्रजी पुस्तिकेत लिहिलेला नसतो.

बटण दाबल्या-दाबल्या बोललं की पहिला शब्द कापला जातो. बोलणं संपायच्या आधी बटण सोडलं की शेवटचा शब्द कापला जातो. आता आपली वाक्यं बघा. "गाडी मागे घ्यायची नाही." "पाणी सोडू नको." "लोड वर उचलायचा नाही." आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो! बटण अर्धा सेकंद लवकर सुटलं की पलीकडच्याला ऐकू येतं, "गाडी मागे घ्यायची." क्रेनखाली माणूस उभा असेल तर त्या अर्ध्या सेकंदाची किंमत काय होईल, ती तुम्हीच लावा. म्हणून माझ्या ट्रेनिंगमध्ये मी नियम घालून देतो की धोक्याच्या कामात सेटवर 'नाही'ने आणि 'नको'ने संपणारं वाक्य बोलायचं नाही. "थांब" म्हणायचं. "थांब, थांब, थांब." तीनदा. कापला तरी एक पोहोचतो. आणि ऐकणाऱ्याने "थांबलो" असं म्हणून दाखवायचं. उत्तर आलं नाही तर निरोप पोहोचला नाही असं धरायचं.

दुसरा नियम, आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं. "भटारखाना, गेट बोलतंय." माणसाचं नाव नको, जागेचं नाव घ्या. सचिन सुट्टीवर गेला तरी भटारखाना जागेवरच असतो. शिवाय एका टीममध्ये तीन सचिन असतात हा आपल्याकडचा अनुभव आहे.

आणि मालकांसाठी एक खास. वॉकी-टॉकीवर कोणाला झापायचं नाही. मोबाइलवर ओरडलात तर ते एकाच्या कानात जातं. इथे तुम्ही वाढप्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांसमोर त्याची लाज काढता, आणि तो उलट बोलू शकत नाही कारण बटण तुम्ही दाबून धरलेलं आहे. मी असे मालक पाहिले आहेत ज्यांनी सेट आणल्यावर महिन्याभरात टीम गप्प झाली. पोरं आवाज कमी करून ठेवतात, "बॅटरी गेली होती" म्हणतात, सेट टेबलावर विसरतात. मग मालक म्हणतो की सेट बोगस निघाले. ज्या दिवशी एखादं लहान मूल गर्दीत हरवतं किंवा गॅसच्या नळीला गळती लागते, त्या दिवशी ते बंद केलेले सेट तुम्हाला हवे असतात. टीमने सेट कानाला लावून ठेवावा असं वाटत असेल, तर त्यातून शिव्या येता कामा नयेत. ज्याला बोलायचं त्याला बाजूला घेऊन बोला.

किती सेट घ्यायचे? माणसांइतके घेऊ नका, जागांइतके घ्या. आठ वाढप्यांना आठ सेट दिले तर चॅनलवर बाजार भरतो, एकावेळी एकच बोलू शकतो हे विसरू नका. मुकादमाला एक पुरे. प्रत्येक सेटवर नंबर रंगवा, सकाळी सही घेऊन द्या, रात्री चार्जरवर परत.

घेण्याआधी तुमच्या सगळ्यात गर्दीच्या दिवसासाठी दोन-चार सेट भाड्याने आणा. रिकाम्या हॉलमध्ये चाचणी घेऊ नका, रिकाम्या हॉलमध्ये सगळेच सेट छान चालतात. माल भरलेला असताना, जनरेटर चालू असताना, लिफ्टच्या मागे, तळघरात, कोल्ड स्टोरेजचं दार बंद करून बोलून बघा. जिथे आवाज तुटतो तिथे खडूने फुली मारा आणि तो नकाशा घेऊन डीलरकडे जा. तीन फुल्या असतील तर साध्या सेटवर भागवा आणि माणसांना उभं राहायची जागा बदलायला सांगा. फुल्या जागोजागी असतील तर परवान्याचा आणि रिपीटरचा खर्च विचारा. आणि डीलर भाड्याने द्यायला तयार नसेल, "घेऊन तर बघा साहेब" म्हणत असेल, तर दुसरा डीलर गाठा.